भोंगा

गाडीत नवीन पेटी बसवली तेव्हा
कंपनीच्या बाईंनी आम्हा नऊ ड्रायव्हरांना
ऐरोलीच्या डेपोत पंख्याखाली बसवून सांगितलं :
हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर,
बाकी सगळं तोंडानं.
सायरन चालू. सायरन बंद. कंट्रोलला जोड.
स्पष्ट बोलायचं, शांत बोलायचं,
दोन शब्दांत बोटभर अंतर ठेवायचं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, भोंगा लाव रं.
पेटी गप्प.
पुन्हा म्हटलं, जरा मानानं, भोंगा लाव गं बाय.
तिनं आदबीनं विचारलं,
क्षमस्व, कोणाला फोन लावू?

सगळे हसले. मीही.
पण आमच्या घरचा आवाज खाडीवर वाढलेला.
बाप एका होडीतून दुसऱ्या होडीत
शब्द फेकायचा जाळ्यासारखा,
वाऱ्याला थोडा जास्तच, म्हणजे पोचेल तेवढा उरतो.
तिथं बोटभर अंतर कुणी ठेवायचं?

मग घरी सराव. जेवण झाल्यावर
माझी हर्षला समोर बसून पेटी व्हायची.
बाबा, रं नको. बाबा, ओरडू नको.
पंधरा दिवसांत मी इतका शुद्ध झालो
की बायकोनं विचारलं, रागावलाय का?

त्या मंगळवारी रबाळ्याच्या एका कारखान्यातून
तोडणकर नावाचा फिटर उचलला. छातीत कळ.
बायको त्याच कंपनीत, पॅकिंगला.
डोक्यावरची जाळीची टोपी तशीच ठेवून
मागं चढली.
मी म्हटलं, सायरन चालू.
लागला.

घणसोली गेली, महापे गेलं.
मागून ती एकसारखं म्हणत होती,
अहो, डोळे बंद करू नका.
अहो, बंद करू नका.
बंद,
आणि तिचा श्वास तिथंच अडकला.
पेटीनं तेवढ्या गोंगाटातून
नेमका तो एक शब्द वेचला,
ठीक आहे म्हणाली,
आणि सायरन बंद केला.

पावण्याजवळ एकदम इतकं शांत झालं
की सलाइनची बाटली हुकाला घासत होती ते ऐकू आलं,
डॉक्टर पोरगी मोजत होती ते ऐकू आलं, सतरा, अठरा.
पुढच्या टँकरनं आत्ताच बाजू द्यायला घेतली होती,
तो पुन्हा मधल्या लेनमध्ये आला.
त्याचा दोष नाही. रस्त्याला एवढी भाषा येते :
भोंगा मध्येच थांबला म्हणजे
आता घाई उरली नाही.

हे तिलाही कळलं असणार.
तीही बोलायची थांबली.

मला तो शब्द आठवेना.
पंधरा दिवस घोटलेला शब्द, सा, सा,
जीभ कोरडी.
मग खिडकीतून अर्धा बाहेर आलो
आणि बापाच्या गळ्यानं ओरडलो,
बाजूला हो रं! मागं मानूस हाय! जिता हाय!
टँकर सरकला. त्याच्या पुढची रिक्षा सरकली.
मागं ती पुन्हा सुरू झाली, अहो, अहो.
तुर्भे नाक्यापर्यंत
मीच भोंगा होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढं सरकवला.
नऊ बेचाळीस. आज्ञा : बंद.
आवाज : अनोळखी, स्त्री.
आज्ञा पाळली.
खाली माझी सही हवी होती.
मी केली. दुसरं काय करणार, खोटं काहीच नव्हतं.

तोडणकर घरी आलेत असं ऐकतो. जिना चढायचा नाही म्हणे.

परवा त्या बाई पुन्हा आल्या.
ड्रायव्हरांचे शब्द गोळा करायला.
माझ्याकडून भोंगा चाळीस वेळा म्हणून घेतला,
हळू, जोरात, सर्दी झाल्यासारखा.
अजून काही? त्यांनी विचारलं.
म्हटलं, हिला 'नका' शिकवता येईल का?
आणि कुणी नका म्हणायच्या आत रडलं, तर तेही?

त्यांनी वहीत लिहिलं.
बराच वेळ पेन तिथंच टेकवून बसल्या.
वर पंखा कुरकुरत होता.